निषाद म्हणजे काय, ते फाट्यावर विचारा

गुरुवारी सकाळी साडेदहाला निषाद कोंढरे डोक्यापासून पायापर्यंत चिखलात माखून गंगूबाईच्या टपरीवर चहा प्यायला बसला, आणि अकरा वाजायच्या आत त्याचं जमत आलेलं लग्न मोडायला आलं. मोडलं कुणी, तर त्याच्याच दोस्तांनी. आणि खोटं कशाला बोला, थोडंफार त्यानं स्वतः.

पण आधी त्याच्या नावाचं ऐका, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मुळशीच्या त्या गावात नावं म्हणजे आज्याची, देवाची, नाहीतर टीव्हीतली. ह्याचा जन्म पौडच्या दवाखान्यात झाला, आणि तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, निषाद ठेवा, छान आहे. बापाला आवडलं. अर्थ विचारायचा राहिला, कारण बाप पेढे आणायला पळाला. झालं. मग पाचवीत गुरुजींनी सांगितलं, उद्या सगळ्यांनी आपापल्या नावाचा अर्थ घरून विचारून यायचं. निषादनं आईला विचारलं. आई चुलीपुढून म्हणाली, ‘‘चांगलाच असंल काय तरी, वाईट कशाला ठेवतील?’’ दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग धडाधडा अर्थ सांगतोय, आणि हा उभा. गप. गुरुजी दोनदा म्हणाले, अरे बोल की. तेवढ्यात मागच्या बाकावरून शेखर उठला.

‘‘गुरुजी, मला म्हायती हाय. निषाद म्हंजे डबा इसरलेला पोरगा.’’

वर्ग हशानं फुटला. गुरुजीपण हसले. आणि खरंच त्या दिवशी निषाद डबा विसरला होता, म्हणून सगळ्यात जास्त तोच हसला. दहा वर्षांच्या पोराला दुसरं काय सुचणार? कान लाल झालेले, पण दात बाहेर.

तेव्हापासून वीस वर्षं ते चालूच आहे. शेखरचं लग्न झालं, दोन पोरं झाली, शाळेची व्हॅन घेतली, पण खेळ सुटला नाही. त्यात ओम आला. ओम म्हणजे शेखरचा चुलतभाऊ, वयानं सात वर्षांनी लहान, पोल्ट्री चालवतो, दिवसभर कोंबड्यांशिवाय बोलायला कुणी नाही, त्यामुळं फाट्यावर आला की नुसता सुटतो. नियमसुद्धा त्यानंच काढला. टपरीवर कुणीही ‘निषाद’ हे नाव घेतलं, की शेजारच्यानं लगेच त्याचा नवा अर्थ सांगायचा. जुना चालणार नाही. सुचला नाही तर गंगूबाईचे सगळे गिलास विसळायचे. एकदा निषादनं फोनमध्ये बघून खरा अर्थ आणला होता, दोन-तीन निघाले होते. ओमनं तिथल्या तिथं निकाल लावला, ‘‘गुगल काय मुळशीत राहतंय का? त्याला काय म्हायती तू कसाय?’’

अर्थ तरी कसले एकेक! निषाद म्हणजे लग्नात दोन पंगती जेवून आल्यावर ‘लग्न कुणाचं होतं’ विचारणारा माणूस. निषाद म्हणजे पाण्यात बसून पाणी शोधणारी म्हैस. निषाद हे एक मोजमाप आहे, ‘निघालोच’ म्हटल्यापासून माणूस खरंच निघेपर्यंत जो वेळ जातो तो एक निषाद. हे मोजमाप तर इतकं चाललं, की गंगूबाईसुद्धा दूधवाल्याला म्हणायची, अर्ध्या निषादात ये रं बाबा, चहा खोळंबलाय. निषाद हसायचा. एखादा अर्थ लागायचा आतमध्ये, नाही असं नाही. पण वीस वर्षं हसल्यावर एकविसाव्या वर्षी ‘मला नाही आवडत’ म्हणायचं कसं? ते म्हणायची पण एक वेळ असते. ती पाचवीतच निघून गेली.

आता गौतमीचं.

निषाद तीस वर्षांचा. घरची भातखाचरं, धरणाच्या कडेला चार तंबू, शनिवार-रविवार शहरातली माणसं येऊन राहतात, एक पॉवर टिलर. सगळं बरं चाललेलं, फक्त लग्न जमेना. पोरीकडच्यांना जमीन पाहिजे असते, पण त्या जमिनीत उतरणारा पोरगा नको असतो. दहा स्थळं आली, दहा गेली. अकरावी गौतमी. कासारसाईची, हिंजवडीला एका ऑफिसात नोकरी, वडील नाहीत, आई आणि ती मामाकडं राहतात. पिरंगुटला एका हॉटेलात निषादच्या मावशीनं दोघांची भेट घडवली, गौतमीची आईही होती. गौतमीनं पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘भात लावताना पाठ दुखत नाही का हो?’’ दहा स्थळांत हे कुणीच विचारलं नव्हतं. निषाद त्यावर पंधरा मिनिटं बोलला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकत होतं. त्यानंतर तीन आठवडे रोज फोन. तिचा होकार होता, आईचा होकार होता, अडलं होतं एका मामावर. विलासमामा त्या भेटीला नव्हतेच, म्हैस व्यायली होती. आणि त्यांचं म्हणणं, ‘‘आधी चौकशी, मंग त्वांड बघू.’’

चौकशी म्हणजे काय ते आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोरीकडचा एक माणूस न सांगता गावात येतो, फाट्यावर चहा घेतो, आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, अमक्याचा पोरगा कसाय हो? त्या एका चहावर लग्नं होतात आणि मोडतात. शेखर आणि ओम ह्या कामात तर पटाईत होते. चौकशीवाला त्यांना लांबूनच कळायचा, कडक इस्त्रीचा सदरा, एक चहा संपला की दुसरा, आणि नजर घरांवर. आतापर्यंत गावातल्या चार पोरांची लग्नं ह्या दोघांनी टपरीवर बसून जमवली होती. ज्याला चतुर्थीलासुद्धा पिऊन पडला म्हणून उचलून घरी आणायला लागायचं, त्याचंही ‘देवमाणूस हो, सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाई’ असं सांगून.

गौतमीनं सांगितलं होतं, मामा रविवारी येतील. रविवारसाठी शेखरनं व्हॅन धुवायचं ठरवलं होतं, ओमनं दाढी. निषाद तर बुधवारपासूनच झोपेत हसत होता.

आणि मामा आले गुरुवारी.

आले ते कसे? जुनी मोटारसायकल, मागं पेंडीचं पोतं बांधलेलं, मळकी टोपी, पायात गमबूट. कुणाला शंका येणार! टपरीच्या बाकावर बसले, चहा सांगितला आणि म्हणाले, ‘‘हितं कोन तो निषाद हाय म्हनं, टिलरवाला. कसाय मानूस? काम सांगावं का त्याला?’’

निषाद बाकाच्या दुसऱ्या टोकाला. चिखलणी करून आलेला, अंगावर प्लास्टिकची खोळ, तोंडावर चिखलाचे थर, चार दिवसांची दाढी. मामांकडं त्याचा फोटो होता, पण तो चुलतभावाच्या लग्नातला, फेटा बांधलेला, आणि फोटोवाल्यानं गोरा करून करून असा केलेला, की आईनं पण विचारलं होतं, ह्यो कोन?

निषाद तोंड उघडणार, ‘मीच की’ म्हणणार, तेवढ्यात ओमनं डोळा मारला. नाव निघालं होतं ना! नियम म्हणजे नियम.

‘‘निषाद व्हय?’’ ओम म्हणाला. ‘‘काका, निषाद म्हंजे टिलर सुरू करून मंग खाचर कुटं ऱ्हायलं ते शोधनारा मानूस.’’

‘‘असं?’’ मामा म्हणाले.

‘‘असं म्हंजे? लोकाचं खाचर चिखलून आलाय तो. आपलं समजून. आख्खं.’’

हे खरं होतं. एकदा झालं होतं, धुक्यात.

शेखरला राहवेना. ‘‘काका, त्ये कायच न्हाई. निषाद ह्यो एक रोग हाय. कोंबड्यांना व्हतो. लागला की कोंबडी अंडं घालती आन इसरती. मंग दिवसभर ओरडत फिरती, माजं अंडं बघितलं का, माजं अंडं बघितलं का.’’

गंगूबाई आतून हसली. ओम बाकावर आडवा झाला. मामा गिलास फुंकत होते, चेहरा जसाच्या तसा.

‘‘पन शब्दाचा कसाय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘शब्दाचा?’’ ओम उठून बसला. हे तर आयतंच हातात आलं. ‘‘शब्दाचा लई पक्का. येतो म्हनला की येनारच. फक्त कुठल्या साली ते इचारायचं न्हाई.’’

‘‘आन पेतो-बितो?’’

‘‘छ्या! त्याला कोन पाजनार? बाटली हितं ठेवली तर बूच शोधत पौडला जाईल त्यो.’’

इथं तरी कळायला पाहिजे होतं की नाही? टिलर भाड्यानं घ्यायला आलेला माणूस पितो का कशाला विचारेल? पण सुटलेल्या माणसाला कुठं काय कळतं! उलट मामा शेवटी निषादकडं वळले, ‘‘आन तू रं? तुला काय वाटतंय, कसाय त्यो?’’ आणि शेखर-ओम दोघंही श्वास रोखून बघायला लागले, आता हा स्वतःबद्दल काय सांगतोय.

निषादलाही हसू येत होतं. पण चहा पोटात गेलेला, सकाळपासून राबलेला, काय झालं कोण जाणे, तो जरा खरंच बोलून गेला.

‘‘निषाद म्हंजे मागलं चाक, काका. गाडी त्येच ढकलतंय. पन रस्ता कुटला घ्यायचा ते त्याला कोन इचारत न्हाई, आन ते बी सांगत न्हाई.’’

ओम म्हणाला, ‘‘ह्या! हसायलाच न्हाई आलं. गिलास इसळ.’’

मामांनी मात्र त्याच्याकडं एकदा नीट बघितलं. मग उठले, गाडीला किक मारली. गाडी सुरू होईना. आठ-दहा किका झाल्या. निषाद उठला, काही न बोलता प्लग काढला, खोळीच्या कोरड्या बाजूला पुसला, बसवला, आणि एका किकेत गाडी चालू करून दिली. मामांना बरं वाटलं. पोराच्या खांद्यावर हात ठेवून, जरा बाजूला घेऊन, हळूच म्हणाले,

‘‘बरं झालं आज आलो. त्या निषादला माजी भाची द्यायचं चाललं व्हतं.’’

गाडी धडधडतेय, खांद्यावर हात आहे, आणि पायातला चिखल जणू गुडघ्यापर्यंत वर चढतोय. आता बोल, आता बोल, असं तो स्वतःलाच सांगतोय, आणि जीभ टाळ्याला चिकटलेली.

‘‘तुजं नाव काय रं पोरा?’’ मामांनी विचारलं.

‘‘शेखर,’’ निषाद म्हणाला.

कुठून आलं ते नाव? समोर शेखर बसला होता, म्हणून शेखर. गंगूबाई बसली असती तर गंगूबाई म्हणाला असता, असली अवस्था. बाकावर खऱ्या शेखरनं दचकून मागं वळून पाहिलं, आणखी कोण शेखर आलाय म्हणून.

‘‘आन हा?’’ मामांनी त्याच्याकडं बोट केलं.

‘‘मी... मी बी शेखर,’’ शेखर म्हणाला. ‘‘आमच्यात लई शेखर हायेत.’’

मामा गेले. गाडीचा आवाज वळणापलीकडं गेला. मग निषाद म्हणाला, ‘‘त्ये गौतमीचं मामा व्हतं.’’

ओम पहिल्यांदा हसला. त्याला वाटलं, हासुद्धा एक अर्थच आहे. मग त्यानं निषादचं तोंड पाहिलं आणि हसू अर्ध्यातच राहिलं.

‘‘तू बोलला का न्हाईस?’’ शेखर ओरडला.

‘‘कधी बोलू? कोंबडीच्या आधी का नंतर?’’



मग जी काय पळापळ झाली! शेखर म्हणाला, मी आत्ता व्हॅन काढतो, मामाला वाटेत गाठतो. व्हॅनमध्ये शाळेची अकरा पोरं बसलेली. ओम म्हणाला, फोन करू. नंबर कुणाकडं? गौतमीकडं. तिला काय सांगणार? शेवटी ठरलं, उद्या दोघांनी कासारसाईला जायचं आणि मामाला चांगलं सांगून यायचं. ह्यात काय अवघड आहे, चार लग्नं जमवलीत!

‘‘बरं मंग,’’ गंगूबाई आतून बाहेर आली, पदराला हात पुसत. ‘‘मीच मामा समजा. सांगा मला. निषाद कसाय?’’

ओम सरसावून बसला. ‘‘निषाद म्हंजे...’’ आणि थांबला. वर बघितलं. घसा साफ केला. ‘‘निषाद म्हंजे, मावशी, आसं बघा...’’

‘‘बघितलं. फुडं?’’

‘‘देवमाणूस हो.’’

‘‘ते तू सगळ्यांचंच सांगतोस.’’

शेखरनं प्रयत्न केला. त्याला आठवत होतं, त्याचा धाकटा पोरगा आजारी होता तेव्हा निषाद रोज पौडच्या दवाखान्यात डबा घेऊन यायचा. ते सांगायला तोंड उघडलं, तर तोंडातून निघालं, ‘‘निषाद म्हंजे डबा...’’ आणि सवयीनं पुढं ‘इसरलेला’ आलं. त्यानं स्वतःच कपाळावर मारून घेतलं. ओमचे डोळे भरून आले होते, ह्याच निषादनं त्याला पोल्ट्रीचं शेड उभं करून दिलं होतं, आठ दिवस खपून. पण ते कसं म्हणायचं, कोणत्या शब्दांत, हेच त्याला येईना. वीस वर्षं त्या नावापुढं फक्त हसायचंच लावलेलं, दुसरं काही तिथं चिकटेचना.

‘‘तुमी नका येऊ,’’ निषाद म्हणाला. रागानं नाही. खोळ झाडली आणि खाचरात निघून गेला. टिलर सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ तो एकाच जागेवरून येत होता.

संध्याकाळी सहाला गौतमीचा फोन आला. ऑफिसची बस चुकवून उभी होती, मागं गाड्यांचा गोंगाट.

‘‘मामा जाऊन आले तुमच्याकडं,’’ ती म्हणाली.

‘‘व्हय.’’

‘‘नाही म्हणाले.’’

निषादनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘आणि ऐका ना,’’ तिचा आवाज विचित्र झाला, हसू का रडू ते कळेना, ‘‘म्हणाले, तिथं एक शेखर म्हणून पोरगा भेटला. चिखलात बसलेला. म्हणे, बोलला तर दोनच वाक्यं, पण सरळ बोलला, आणि गाडी नीट करून दिली, आभाराचीसुद्धा वाट बघितली नाही. असा पोरगा बघायला पाहिजे गौतमीला. आईला सांगितलंय, त्याचं लग्न झालंय का विचार. निषाद, तुमच्या दोस्तासाठी माझं स्थळ निघालंय. तुम्हाला कळतंय का?’’

‘‘झालंय त्याचं लग्न,’’ निषाद म्हणाला. ‘‘दोन पोरं हायेत.’’ आणि मग सगळं सांगितलं. चहापासून किकेपर्यंत. सांगताना त्याला वाटलं, ती हसेल. हसली असती तर बरं झालं असतं.



‘‘उद्या या,’’ ती म्हणाली. ‘‘मी रजा घेते. मामा डेअरीत दूध घालून नऊला घरी येतात. तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.’’

‘‘तुमी सांगितलं तर बरं...’’

‘‘मी सांगणार नाही.’’

शुक्रवारी निषाद दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, नऊच्या ठोक्याला कासारसाईत होता. वाटभर वाक्य पाठ करत आला. मामा, मी शेखर न्हाई, मी निषाद. एवढंच. पौडच्या स्टँडपाशी म्हटलं, हिंजवडीच्या गर्दीत सिग्नलला म्हटलं, शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. सोपं होतं वाक्य.

मामा अंगणात घमेलं धूत होते. मान वर केली, दोन सेकंद बघितलं, आणि चेहरा असा फुलला!

‘‘आरं शेखर! ये ये ये! आंघोळ केल्यावर वळखूच येईना! आशालता, पानी आन गं, पाव्हनं आलं!’’

आशालता म्हणजे गौतमीची आई. तिनं निषादला पिरंगुटला पाहिलेलं. ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थिजली. मागं दाराआड गौतमी. तिनं आईचा हात धरून तिला मागं ओढलं. बोलायचं नाही. त्यानंच बोलायचंय.

‘‘मामा, मी...’’ निषादनं सुरुवात केली.

‘‘बस आधी. बस. आरं तुज्यामुळं वाचलो बघ. त्यो निषाद! आरं गावातली पोरं त्याच्या तोंडावर... न्हाई, तोंडावर न्हवं, पाठीमागं काय काय बोलत व्हती. कोंबडी काय, रोग काय! ज्याची त्याच्या गावातच ही पत, त्याच्या घरी पोरगी कशी द्यावी?’’

‘‘मामा, ते पोरं तसं गंमतीनं...’’

‘‘बघ! तरी तू त्याची बाजू घेतोस. हीच तुजी गोष्ट आवडली मला. बरं, घरी कोन कोन?’’

आता काय करणार? घरी कोण कोण, ह्याचं उत्तर खरंच द्यायचं. आई, वडील, एक बहीण, तिचं लग्न झालंय. शेती किती? सांगितली. अजून काय? धरणाकडेला तंबू. प्रत्येक उत्तर खरं, प्रत्येक उत्तरावर मामा जास्त खूश. निषादला वाटत होतं, आपण उतारावर निघालोय आणि ब्रेक लागत नाही. आणि वाईट म्हणजे, त्याला बरं वाटत होतं. जन्मात कुणी त्याच्याबद्दल असं डोकं हलवून ‘वा’ म्हटलं नव्हतं.

‘‘आडनाव सांगितलंच न्हाईस,’’ मामा म्हणाले.

‘‘कोंढरे.’’

‘‘कोंढरे? त्यो निषाद बी कोंढरेच.’’

‘‘व्हय.’’

‘‘भावकीतला तुज्या?’’

‘‘न्हाई,’’ निषाद म्हणाला. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं होतं. ‘‘मीच त्यो.’’

अंगणात कोंबडं फिरत होतं, त्याच्या पायांचा आवाज ऐकू यायला लागला. मामांनी घमेलं खाली ठेवलं. दाराकडं बघितलं, तिथं दोघी बायकांचे चेहरे. म्हणजे खरं होतं.

‘‘आसं,’’ मामा म्हणाले. निषादला वाटलं, आता शिव्या येणार. शिव्या आल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

‘‘कोंबडीचं जाऊ दे,’’ मामा शेवटी म्हणाले, अगदी हळू. ‘‘पोरं टवाळ असत्यात, आमी बी व्हतो. पन तू तितं बसला व्हतास. तुज्या म्होरं तुजं नाव तुडवत व्हती. आन तू हसलास. मी बघितलंय, तू हसत व्हतास. आन मी इचारल्यावर तू नाव बी दुसऱ्याचंच सांगितलं. उद्या कुनी हिला काय बोललं, चार मानसांत, तर तू काय करशील? हसशील. आन मंग म्हनशील, मी न्हवंच तिचा नवरा, मी शेखर.’’

निषादला वाटलं, काहीतरी सांगावं. की मी तसा नाही. पण तो तसाच होता की. मागच्या वीस वर्षांत एकदाही तो दुसरा कसला नव्हता. मामा एवढंच म्हणाले, ‘‘ये आता,’’ आणि घमेलं घेऊन गोठ्यात गेले.

निषाद अंगणाबाहेर गाडीपाशी आला. किल्ली लावली. गौतमी मागून आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

‘‘बोलला का नाहीत काही?’’

‘‘काय बोलू? त्यांचं खरं हाय.’’

‘‘खरं आहे ते मलापण कळलं. पण तुम्हाला काय पाहिजे, ते कुठं सांगितलंत? ते तर कुणी विचारलंच नाही, आणि तुम्ही सांगितलं नाहीत.’’

‘‘मला तू पायजेस,’’ निषाद म्हणाला. एकदम. स्वतःच दचकला. कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं तेही कळलं नाही. ‘‘मला बाकी काय नको. कोनी काय बी म्हनू दे मला. न्हाई, म्हनू नको दे. आता न्हाई म्हनू देनार. पन मला तू पायजेस.’’

गौतमीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कडक होता. ‘‘हे मला कशाला सांगताय? मला माहितीये. आत जाऊन सांगा.’’

‘‘आता?’’

‘‘मग कधी?’’

निषादनं किल्ली काढली. अंगणातून चालत गेला, ते पंधरा पावलांचं अंगण त्याला संपेचना. चपला काढल्या. मामा हातपाय धुऊन पाटावर बसलेले, पुढ्यात ताट. मान वर केली.

‘‘आता काय?’’

‘‘मामा, मी निषाद,’’ तो म्हणाला. आवाज फाटला. ‘‘तुमी म्हनलात ते समदं बरोबर हाय. मी हसलो. पन मला गौतमीशी लगीन करायचंय. ते मी हसून सांगत न्हाई. तुमी न्हाई म्हनला तरी उद्या परत येऊन हेच सांगनार. परवा बी येनार.’’

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. कालवणात बुडवला. तोंडात घातला. चावत राहिले. निषाद दारात उभा. आशालताबाई चुलीपाशी, हातातली भाकरी तव्यावर टाकायची विसरलेल्या.

‘‘लावनी झाली का तुजी?’’ मामांनी विचारलं.

‘‘दोन खाचरं ऱ्हायलीत.’’

‘‘हं.’’ आणखी एक घास. मग शेजारच्या जागेकडं हात केला. ‘‘बस. जेवून जा.’’

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? आपल्याकडं दारात आलेल्याला जेवू घालतातच. होकार असला तरी घालतात, नकार असला तरी घालतात. निषादनं आशालताबाईंकडं बघितलं, त्यांनी नजर खाली वळवली. गौतमीकडं बघितलं, ती पाट मांडत होती, तिच्या चेहऱ्यावरही काही दिसेना, कारण तिलाही काही कळलं नव्हतं. विचारायची तर सोय नाही. जेवणाच्या पाटावर बसून, ‘मामा, हे जेवण कुठल्या अर्थानं?’ असं कुणी विचारतं का?

तो बसला. गौतमीनं वाढलं. भाकरी, घेवड्याचं कालवण, कांदा. निषादनं पहिला घास घेतला. मामा मान खाली घालून जेवत होते, मध्येच म्हणाले, ‘‘मीठ घे,’’ आणि त्यानं घेतलं. तेवढ्यात फोन वाजला, खिशातल्या खिशात, शेखरचा किंवा ओमचा. त्यानं उचलला नाही.

‘‘भात घेनार का, निषाद?’’ मामांनी विचारलं.

‘‘घेतो की,’’ निषाद म्हणाला, आणि ताट पुढं केलं.